लॉरीचे राहिलेले स्नान

पंचामृतस्नानानंतर देवाला शुद्ध पाण्याचे स्नान घालावे, हा पूजेतला क्रम मी पाठशाळेत लहानपणीच शिकलो. पुढे सारे आयुष्य पौरोहित्य केले, पण हा क्रम माझ्या हातून एकदाच चुकला. तो मूर्तीच्या बाबतीत नव्हे, लॉरीच्या बाबतीत.

महायुद्धाचा काळ होता. शहापुरात ज्या गिरणीमालकांकडे माझे पौरोहित्य होते, त्या शेठजींपाशी एक जुनी लॉरी होती. मुरबाडकडून भात आणावे, गिरणीत भरडून झालेला तांदूळ आसनगावच्या स्टेशनात पोचवावा, एवढे तिचे काम. ती चालवणारे गृहस्थ खर्डीकडच्या शेतकरी घरातले, वयाने माझ्याहून बरेच मोठे. सारा गाव त्यांना डायव्हर म्हणे, मी दादा म्हणत असे. त्यांची शेती पावसाळ्यापुरती. उरलेले आठ महिने घर त्या लॉरीवर चाले.

त्या दसऱ्याला शेठजी म्हणाले, "गुरुजी, गिरणीच्या इंजिनासारखीच लॉरीचीही पूजा यथासांग व्हायला पाहिजे. काही राहता कामा नये."

लॉरीला अभिषेक कोठे करावा, याविषयी शास्त्रात मला काही सापडले नाही. मात्र लॉरीच्या अग्रभागी असलेले पितळी झाकण दादांनी मला पूर्वी एकदा दाखवले होते. "हे तिचं तोंड. इथं पानी घालायचं. तहानली की तापते." दूध, दही, तूप, मध आणि साखर यांपैकी पहिली दोन तरी निश्चित शीतल आहेत, असा मी विचार केला. दादा झेंडूची फुले आणायला गेले होते. मी झाकण काढले आणि सूक्त म्हणत तांब्याभर पंचामृत त्या मुखात सावकाश ओतले. वर तुळशीचे पान सोडले. खालच्या बारीक नळीतून थोडे पाणी सांडले. तो मी स्वीकार मानला. शुद्ध पाण्यासाठी मात्र मुखात जागा उरली नव्हती आणि मुहूर्त सरत होता. मी झाकण लावले आणि नारळ वाढवला.

दिवाळीच्या आत लॉरी मुरबाडच्या वाटेवर तीनदा उकळली. तिसऱ्या वेळी शेठजींनी गिरणीच्या अंगणात, चार माणसांदेखत, दादांना सुनावले.

"पेट्रोल मोजून मिळतंय आणि तुला साधं पाणी बघायला होत नाय? उद्या मी स्वतः शेजारी बसतो. मुरबाडपर्यंत एकदा जरी उकळली, तर तिथंच खाली उतरायचं आणि तसंच चालत घरी जायचं. परत गिरणीत पाऊल टाकायचं नाय."

दुपारी दादा माझ्या ओसरीपाशी आले.

"भटजी, गाडीला कुनाची तरी नजर लागली बगा. पानी रोज घालतो, तरी उकळते. आन् उकळली की खरवसाचा वास मारते."

"कशाचा?"

"खरवसाचा वो. वेलची नाय, बाकी समदं हाय."

त्या क्षणी मला सर्व समजले. मी समोरच्या वृंदावनाकडे पाहिले आणि म्हणालो, "दादा, नजर काढण्याआधी आतले पाणी काढून पाहावे."

"त्येच करनार हाय. निस्ता टाइम सांगा."

"आत्ताची वेळ उत्तम आहे," मी म्हणालो. पंचांग न उघडता दिलेला माझा हा एकमेव मुहूर्त.

गिरणीच्या मागे, आंब्याखाली, लॉरी गार होत उभी होती. झाकणावर हात टेकवून दादा म्हणाले, "आजून गरम हाय. आता उघडलं तर तोंड भाजंल. बसा." आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी झाकण सैल केले, मग गाडीखाली शिरून तळाची तोटी फिरवली. मी पुढे होऊन तोटीखाली घमेले धरले.

"घमेलं कशाला? जाऊ द्या की मातीत."

"पायदळी यायला नको," मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. प्रथम काहीच आले नाही. त्यांनी तोटीत तार घातली. मग गंजाच्या रंगाचे, वर तुपाचे डोळे तरंगणारे पाणी थेंबथेंब येऊ लागले आणि त्यामागून दुधाचा नासलेला चोथा आला. दादांनी वरची रबरी नळी सोडवली, तिच्यात बोट घातले आणि एक काळे, मऊ पान बाहेर काढून तळहातावर पसरले.

"भटजी, ही काय वस्तू?"

"तुळस."

"गाडीत तुळस कशी उगवली?"

मी उत्तर देण्यापूर्वीच शेठजी गिरणीतून बाहेर आले. घमेल्यातला चोथा पाहून त्यांचा आवाज चढला. "हे काय घातलंस आत? घाण घालून माझी गाडी मारतोस?"

दादांनी तळहात मिटला. ते माझ्याकडे पाहत नव्हते, शेठजींकडेही नाही. माझे नाव ते घेणार नाहीत, हे मला दिसले. घेतले असते तरी उपयोग नव्हता. देवाच्या पंचामृताने यंत्र बिघडले, हे शेठजींनी कोणाच्याही तोंडून ऐकून घेतले नसते. ते दादांची लबाडी ठरवून मोकळे झाले असते.

मी उठून उभा राहिलो. "शेठजी, दोष माझा आहे. दसऱ्याला मी लॉरीच्या मुखात पंचामृतस्नान घातले. त्यानंतरचे शुद्ध पाण्याचे स्नान माझ्याकडून राहून गेले. पूजा अपुरी राहिली. यांचा याच्याशी काहीही संबंध नाही."

शेठजींचा चेहरा गंभीर झाला. "अपुरी राहिली?"

"होय."

"म्हणजे दसऱ्यापासून माझी लॉरी उष्टी फिरते आहे?"

"तसे म्हणता येईल."

"मग आता काय करायचं?"

"राहिलेले स्नान घालायचे. पाणी मी ओढतो. किती वेळा घालायचे, ते दादा सांगतील."

शेठजींनी मान डोलावली. "यथासांग करा. पण उद्याचं मुरबाड ठरलंय, ते ठरलंय. डायव्हर खरा असेल तर गाडी सांगेल." एवढे बोलून ते आत गेले.

मी विहिरीवरून पाणी ओढू लागलो. दादांनी रबरी नळी परत बसवून तोटी बंद केली, पहिल्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून ते मुखात ओतले आणि इंजिन चालू करून तापू दिले.

"देवाच्या भांड्यांना चिंच लावतो आम्ही," मी म्हणालो.

"देवाला चिंच लावा. हिला सोडा."

पुन्हा गार होण्याची वाट, पुन्हा तोटी. मग दादांनी नळ्या काढून झाकणाखालचे पितळी जाळीचे सबंध अंग सोडवले, उलटे करून आंब्याला टेकवले आणि मला खालच्या भोकातून पाणी ओतायला सांगितले, म्हणजे अडकलेले आल्या वाटेने परत जाईल. पहिले घमेले मी आंब्याच्या मुळाशी रिते केले होते. सोड्याचे पाणी मात्र कुंपणाबाहेर टाकले. तिसऱ्या खेपेला दुधाचे कण आले, पाचव्या खेपेला नुसता गंज. नवव्या कळशीला दादांनी पाणी ओंजळीत धरून उजेडाकडे केले.

"आता झालं. ह्ये तीर्थ म्हनून दिलं तरी चालंल."

"नको," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेठजी पुढे दादांशेजारी बसले, मी मागे रिकाम्या पोत्यांवर, दोन डबे पाणी घेऊन. चढ आला तेव्हा माझा जप चालू होता. तो नित्याचाच होता, असे मी स्वतःला सांगितले. दूरवर सिद्धगड दिसू लागला. वाफ दिसली नाही, वासही आला नाही. मुरबाडच्या बाजारात लॉरी थांबली, तेव्हा शेठजींनी उतरून पुढच्या जाळीजवळ हात नेला, नुसती ऊब लागली, आणि ते मागे वळून म्हणाले,

"पाहिलंत गुरुजी? पूजा पुरी झाली की कसं सगळं जाग्यावर येतं!"

मग दादांना म्हणाले, "जा, भात भरून घे. परत जायला उशीर नको."

दादांनी मान हलवली आणि ते पोती मोजायला गेले. त्या वाक्यात त्यांची नोकरी त्यांना परत मिळाली होती. श्रेय मला मिळाले. ते कसे परत करावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

पुढल्या दसऱ्याला मी पूजेचे ताट घेऊन गेलो, तेव्हा त्या पितळी झाकणावर दादांनी तारेचे चार पक्के वेढे घातले होते. वरून झेंडूचा हार होता, तार दिसू नये म्हणून. मी गंध लावले, फुले वाहिली, नारळ वाढवला. पंचामृताचा तांब्या हातात तसाच राहिला. दादांनी पुढे होऊन उजव्या हाताची ओंजळ केली.

"मला द्या, भटजी. हिला उपास हाय."

मी पंचामृत त्यांच्या ओंजळीत घातले. ते पिऊन झाल्यावर, शेठजी पाहत होते म्हणून आणि क्रम म्हणूनही, त्यांच्या हातावर मी शुद्ध पाणी घातले.