डाव्या कोपऱ्यातली मोकळी जागा

बापू गेल्याची बातमी कुक्षीहून आलेल्या माणसानं आणली, तेव्हा मी मैदानावर जायला निघालो होतो. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तो माणूस पाणी पिऊन परत गेला. मी बूट हातात घेऊन ओट्यावर तसाच बसून राहिलो. कुक्षीच्या कचेरीत नोकरी लागून बापू धार सोडून निघाला, तेव्हा गाडीतून ओरडून म्हणाला होता, "दसऱ्याला येतो रे भिया! देवासकरांशी सामना ठेव. माझ्यावाचून खेळू नकोस!"

देवासकरांकडून आम्ही नेहमी हरायचो, ते त्यांच्या एका बचाववाल्यामुळे. फुटबॉलचा तेव्हाचा नियम असा की, चेंडू मारला जातो त्या क्षणी आपला जो गडी चेंडूच्या पुढे असेल, त्याच्यासमोर विरुद्ध बाजूचे निदान तीन गडी हवेत. नाहीतर ऑफसाइडची शिट्टी. हा गृहस्थ ऐन वेळी दोन पावलं पुढे सरके आणि आमचे उतावळे वीर जागच्या जागी अडकत. मग चेंडू पायाशी घेऊन एकट्यानं गर्दीत घुसायचं आणि आपटून परत यायचं, एवढाच आमचा हल्ला! अडकत नसे तो एकटा बापू. त्याच्या घरी तीन पिढ्या दरबारची चाकरी. मोठ्यांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मैदानावरही हा सगळ्यांच्या मागे. "अरे, हा दरबार नव्हे!" म्हणून आम्ही चिडवायचो.

एकदा तोच मला म्हणाला, "तू नुसता डाव्या कोपऱ्यात मार. तुझा पाय हलला की मी निघतो."

मोकळ्या जागेत चेंडू मारायचा? मला वेडेपणाच वाटला. पण मारला... आणि पुढे सरकलेल्या त्या बचाववाल्याला ओलांडून बापू सुसाट गेला. मारताना तो चेंडूच्या मागेच होता, त्यामुळे शिट्टी झालीच नाही. देवासकरांना आम्ही पहिल्यांदा हरवलं. परततानाही स्वारी आमच्या मागून, मान खाली घालून हसत. असा मित्र मला पुन्हा मिळायचा नाही.

दसऱ्याला देवासकर एवढ्या लांबून आलेले, सामना मोडवेना. खेळता खेळता चेंडू माझ्याकडे आला आणि सवयीनं पाय चालला... चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला. त्याच्यामागे कोणी धावलं नाही. तो घरंगळत रेषेबाहेर गेला. देवासचा तो बचाववाला पुढे सरकलेलाच होता. त्यानं वळून पाहिलं, जाऊन चेंडू उचलला आणि माझ्याजवळ येऊन हसत विचारलं, "काय हो, बापूराव अजून मागेच का?"

त्याला बातमी नव्हती. मला 'हो' म्हणावंसं वाटलं.