धुराला वाट

बॅटरीचं भवितव्य आमच्या भोरच्या कॉलेजमागच्या अंगणात घडतं आहे, असं रसायनशास्त्राचे सर येणाऱ्या प्रत्येकाला गंभीरपणे सांगत. त्या अंगणात तेव्हा मामा बसलेले असत आणि भवितव्यावर हातोडा घालत.

मामा विंझरच्या वरच्या वाडीतले. जन्मभर कोळसा पाडलेला. सरांना सोडियमच्या बॅटरीसाठी बांबूचा कोळसा हवा होता, म्हणून त्यांना आणलं. मी प्रयोगशाळेतला मदतनीस. मामांनी फोडलेला कोळसा कुटून, धुऊन, चाळून द्यायचं काम माझं.

सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा, नेहमीच्या ग्राफाइटमध्ये तो नीट शिरत नाही, म्हणून वेगळा कार्बन लागतो, हे सरांनी तासभर समजावलं. मामा म्हणाले, "म्हंजी पावना लठ्ठ हाय. दार रुंद पायजे." सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

माया करतानाही हात उगारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ओला बांबू आणला म्हणून मामांनी तोच टेम्पोवाल्याच्या कपाळात घातला. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन हळद दाबत बसले. "हाललास तर आनखी एक घालीन, रेड्या!"

आमचं काम पाहायला पुण्याहून समिती यायची ठरली. बंद लोखंडी पिंपात बांबू भरून खालून जाळ लावायचा, अशी आमची रीत. झाकणाला मामांनी अंगठ्याएवढं भोक ठेवलं होतं. सरांनी ते वेल्डिंग करून बुजवलं. "हवा अजिबात शिरता कामा नये," म्हणाले. खरं म्हणजे धूर पाहुण्यांच्या मांडवात जायला नको होता.

मामांनी सरांची कॉलर धरली. "कोळशाला वारं नगं, पर धुराला वाट पायजे! फुटंल ते!"

"मामा, हे शास्त्र आहे."

"मंग शास्त्राला बसवा त्याच्यापाशी!"

मी खाली मान घालून कोळसा चाळत राहिलो. माझी नोकरी कायम व्हायची होती.

मामांनी जाळ लावायला नकार दिला, तेव्हा सरांनी स्वतःच काडी ओढली. मामा घरी गेले नाहीत. पहार घेऊन पिंपामागे उभे राहिले.

नारळ फुटला, शाली झाल्या. पिंपाला पाठ करून सर शुद्धतेवर बोलू लागले. पिंपाचं पोट फुगत चाललं.

"पळा!" मामा ओरडले. समितीला तो कार्यक्रमाचा भाग वाटला, कुणी हललं नाही. मामांनी सरांच्या कमरेत लाथ घातली. सर पेरूच्या आळ्यात जाऊन पडले. मामांना तेव्हा पळता आलं असतं. त्यांनी मांडवातल्या माणसांकडे पाहिलं आणि पहार झाकणाखाली सारली.

झाकण त्यांच्या छातीत बसलं. निखारे मांडवावर पडले, शाली पेटल्या. पाहुणे वाचले.

पुण्याच्या वाटेवर, शुद्ध होती तोवर मामा एकच विचारत होते, "मास्तर उठला का?" उठले, म्हणून मी सांगितलं. खेड शिवापूरच्या अलीकडे ते गेले.

कॉलेजात शोकसभा झाली. सर अगदी वाकून उभे होते, बोलताना दोनदा थांबले, डोळे मिटले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, माणूस दुःखानं पार मोडलाय. दुःख असेलही. पण सरांना सरळ उभं राहता येत नव्हतं ते मामांच्या लाथेमुळे.