एकही कॉमिक्स पसंत न पडणारे काका

बसस्टँडवर कॉमिक्स भाड्यानं मिळायची, त्या काळातली गोष्ट. कळमनुरीच्या आमच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका भुताचीच कॉमिक्स आणायचे. औषधाची बाटली हलवता हलवता वाचायचे आणि पेशंटलाच ऐकवायचे, "चित्र खोटं हाये. भ्यालेला माणूस डोळे वटारत न्हाई. एका जागी पाहून राहतो." त्यांना एकही कॉमिक्स कधी पसंत पडलं नाही. तरी शेवटचं पान झाल्याशिवाय ते पुस्तक खाली ठेवत नसत. सुया उकळतानाही पानात बोट असायचं.

त्या दुपारी मी आईला घेऊन गेलो. तिला तीन दिवस ताप होता. बाकड्यावर बसून ती समोरच्या कोऱ्या भिंतीकडं पाहत होती. काकांनी तिच्याकडं पाहिलं. अर्ध्यावरचं पुस्तक मिटलं, आत जाऊन डॉक्टरांना काहीतरी सांगितलं आणि परत येऊन टेबल पुसत बसले.

मला ती शांतता सोसेना. मी विचारलं, "काका, आजचं कॉमिक्स कसं हाये?"

त्यांनी मान वर केली नाही.

"चांगलं हाये पोरा," ते म्हणाले. "लई चांगलं काढलंय."

मी आईकडं वळलो. ती अजून त्याच जागी पाहत होती.