विदेशी पाहुण्यांसाठी खास खोली

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर वारंगा फाट्यावर ट्रकचालकांसाठी मुक्कामाची जागा काढली. एक पत्र्याची शेड, अंगणात कडुलिंबाखाली दोरीने विणलेल्या दहा बाजा, पाण्याची टाकी.

महामार्गाने नांदेडकडे जाणारे परदेशी सायकलस्वार अधूनमधून दिसत. पाणी पिऊन पुढे जात. त्यांच्यासाठी मागे एक खोली बांधली. खुर्चीसारखा संडास, स्प्रिंगची गादी, पांढरी चादर, जाळी बसवलेली एकच लहान खिडकी. परदेशी माणूस मुक्कामी ठेवला की त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. त्यासाठीची नोंदणीही करून घेतली आणि दारावर पाटी लावली: 'विदेशी पाहुण्यांसाठी खास खोली'.

दोन वर्षे कोणी आले नाही. समोरचा पंक्चरवाला माझ्याच वयाचा. तो रोज सकाळी विचारी, "साहेब, तुमचा अंग्रेज कुठवर आला?"

मी चादर दर सोमवारी बदलत असे. त्या खोलीत एक तरी विदेशी पाहुणा राहावा, एवढी एकच इच्छा होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती. फाट्यावर सर्वांना ठाऊक होती.

गेल्या मार्चमध्ये, दुपारी, साठीचे एक उंच गृहस्थ सायकल ढकलत आले. मागचा टायर फाटला होता. तसा टायर नांदेडहून दुसऱ्या दिवशी यायचा होता. पंक्चरवाला त्यांना स्वतः माझ्या दारी घेऊन आला.

"घ्या साहेब. आला एकदाचा. आता सांभाळा."

मी पासपोर्ट पाहिला, माहिती भरली, खोली उघडली. गृहस्थांनी गादी हाताने दाबून पाहिली. खिडकीपाशी क्षणभर उभे राहिले. मग बाहेर आले, लिंबाखालच्या बाजेवर बसले आणि बूट काढू लागले.

"अंदर गरम," वाटेत शिकलेल्या हिंदीत ते म्हणाले. "यहाँ अच्छा."

मी पुन्हा खोलीकडे बोट दाखवले. ते हसले आणि आडवे झाले. त्यांची पावले बाजेबाहेर वीतभर लोंबत होती.

बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "काहून त्या माणसाच्या मागं लागून राहिलात? तुमी तरी झोपता का त्या खोलीत, ह्या उन्हाळ्यात?"

मी झोपलो नसतो. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सायंकाळी त्यांनी चालकांच्या पंगतीत बसून पिठले-भाकरी खाल्ली. बाजेची सैल दोरी पायथ्याशी कशी ओढून ताणायची, हे एका चालकाने त्यांना दाखवले. त्यांनी स्वतःची बाज ताणली, मग शेजारच्या तीन.

पंक्चरवाला रस्त्यापलीकडून पाहत होता. तो आला.

"खोलीत न्हाई गेला. ह्यो गिनतीत धरायचा न्हाई, साहेब."

"मुक्काम माझ्याकडे आहे."

"बराबर. पर खोलीत न्हाई."

माझ्या नोंदवहीत खोलीचा एक रकाना आहे. खोटे लिहिण्याची मला सवय नाही. मी लिहिले: लिंबाखाली, बाज चौथी.

दुसऱ्या दिवशी टायर आला, बसवून झाला. गृहस्थ निघाले नाहीत. आणखी दोन दिवस राहिले. निघताना त्यांनी चारही बाजांच्या दोऱ्या पुन्हा ताणल्या.

त्याच आठवड्यात मी पाटी उतरवली. खोलीत आता बायकोने वाळलेली हळद ठेवली आहे. जागा कोरडी असल्याने तिला पसंत आहे. सुताराकडून मी दोन नव्या बाजा करून घेतल्या, नेहमीपेक्षा हातभर लांब.

पंक्चरवाल्याने त्या निरखून पाहिल्या. "एवढ्या लांब काहून?"

"उंच लोक येतात."

"एकच तर आला."

"सध्या," मी म्हणालो, आणि त्यांपैकी एकीवर बसलो. दोरी चांगली ताणलेली होती.