खाली ठेवलेला कप

शुक्रवारी दुपारी मस्कतमधल्या वादी अदाईच्या आमच्या खोलीत सगळे सिनेमा बघत होते. घोड्यांचा, बंदुकांचा. एक सुटलेला गुलाम आपल्या बायकोला मालकाच्या हवेलीतून सोडवायला जातो आणि आडवा येईल त्याला उडवतो. खोलीभर शिट्ट्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी बायको तिथून जवळच सीबला एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या घरी कामाला, पासपोर्ट त्याच्या कपाटात, तिची आई वसईला अंथरुणाला खिळलेली. सुट्टी मागितली की मालकाचं एकच उत्तर, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. मी उठून टीव्हीच बंद केला.

"तुमच्या बायका सुखात आहेत, म्हणून शिट्ट्या सुचतात," मी म्हणालो.

 रत्नागिरीचा जुना ड्रायव्हर म्हणाला, "बंदूक कशाला पाहिजे? तिचा अर्बाब तुला काहवा देतो ना, ती वेलचीची कॉफी? पिऊ नको. कप खाली ठेव. काम झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही, अशी त्यांची जुनी रीत आहे. मालकाला ते झोंबतं."

मला वाटलं, म्हातारा फेकतोय. पण दर शुक्रवारी बायकोला भेटायला जायचोच, तसा त्या संध्याकाळीही गेलो.

अर्बाबने नेहमीसारखं बैठकीत बसवलं, खजूर पुढे सरकवले, छोटा कप भरून दिला. त्याचे दोन शेजारीही तिथे काहवा पीत होते. दाराआडून बायको बघत होती. मी कप गालिच्यावर ठेवला.  

"पी," तो म्हणाला.

"आधी हिचा पासपोर्ट."

शेजाऱ्यांनीही आपापले कप खाली ठेवले. अर्बाबचा चेहरा पडला. तो उठला, आत गेला आणि पासपोर्ट आणून माझ्यासमोर टाकला. मग मी प्यालो.

बायकोने दहा मिनिटांत बॅग भरली. टॅक्सीत माझी छाती फुगली होती. कपाची हकीकत मी तिला रंगवून सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मला आधी कुठे माहीत होती ही रीत?" मी म्हणालो.

"रीत कशाला माहीत पाहिजे?" ती म्हणाली. "आठ महिने दर शुक्रवारी येत होतास. तुझा कप मीच धुवायचे. एकदाही त्यात थेंब उरलेला नव्हता."