येसबाची हजेरी

लढाईमुळे घासलेट मिळेना, म्हणून नारायण पाटील हजेरी दिवेलागणीआधीच उरकायचा. चांगुणेला ते बरं पडायचं. उजेड असेतो नवऱ्याला चावडीवर न्यायचं, उजेड असेतो माघारी आणायचं.

नवरा म्हणजे येसबा दरोडेखोर. एके काळी त्याच्या धास्तीनं जामखेडकडचे सावकार माळवदावर पहारा बसवून झोपायचे. तुरुंगातून सुटला तो खोकला घेऊनच. अट एकच होती. रोज चावडीवर यायचं, नाव पुकारलं की आपल्या तोंडानं 'हाजिर' म्हणायचं. चुकला की परत आत.

"मरान यिऊ दे चांगुणे," तो म्हणायचा, "पन घरात यिऊ दे."

पाय सुजले तशी ती त्याला पाठुंगळी घेऊन नेऊ लागली. कडब्याच्या पेंढीएवढा तर उरला होता.

"पाटील, तुमीच घराकडं यिऊन बघत जावा की. लई आजारी हायेत."

"मागं मेला हुता, तसाच आजारी न्हवं?"

ते गावात कोण विसरणार? दरोड्यांच्या काळात फौजदार पकडायला दारात आला तेव्हा येसबा अंगणात ताठ पडलेला, तोंडाला फेस. चांगुणेनं ऊर बडवून घेतला, बांगड्या फोडल्या. माणसं बांबू आणायला पांगली आणि मढं परड्यातून पसार झालं. फेस रिठ्याचा होता. नवऱ्याला सामील म्हणून चांगुणेनं फौजदाराचा मार खाल्ला. पुढं भेटल्यावर येसबा म्हणाला, "तुला सांगितलं असतं, तर रडनं खरं वाटलं नसतं."

"मला तरी कुठं ठावं हुतं, पाटील?"

"व्हय. आन मी इंग्रजाचा जावई." पाटील तंबाखू मळत राहिला.

मग काय, रोजची पाठुंगळी. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी वाटेत त्यानं तिच्या कानाशी विचारलं, "जड लागतुया?"

"न्हाई."

"पयलं लागायचो."

थोडं पुढं गेल्यावर खोकला थांबला. गळ्याभोवतीचे हात सुटले.

"धनी, आता नगं हां," ती चालता चालता म्हणाली. "मी दमलिया."

चावडीवर तिनं त्याला खांबाला टेकवून बसवलं.

"येसबा," पाटलानं पुकारलं. पुन्हा पुकारलं. कट्ट्यावरची माणसं हसली.

"बाई, लाव की सूर," एक जण म्हणाला.

चांगुणेनं नवऱ्याच्या ओठांवरून बोट फिरवलं, उजेडाकडं धरून पाहिलं. कोरडं होतं. मग ती शेजारी टेकली. त्याची मान कलली, ती तिनं खांद्यावर घेतली.

पाटील उठून जवळ आला. येसबाकडं त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही, चांगुणेकडंच बघत राहिला.

"रडत का न्हाईस गं?"

"तवाच रडून झालंय, पाटील."

कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. पाटलानं डोईचं पागोटं उतरवलं. "ग्येला," तो म्हणाला. "तिरडी हितंच बांधू. कशाला वडातान?"

"न्हाई. त्यास्नी घरात मरायचं हुतं." तिनं पदर खोचला, पाठ वाकवली. "द्या उचलून."

पाटलानं दिला. वाटेतल्या नदीच्या उतारापर्यंत तो मागून हात लावून चालला. आज येसबा जड लागत होता.