खेळाचे सर आणि क्लासचं गाव

आपला विद्यार्थी डॉक्टर झाला हे ऐकून ज्याचा चेहरा पडायचा, असा लातुरात एकच शिक्षक होऊन गेला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. "डॉक्टर झाला व्हय?" आमचे खेळाचे सर हळहळायचे. "पळायचा लई भारी वो. वाया गेलं पोरगं." सगळं गाव गुणवत्ता यादीपुढे हात जोडून उभं असताना सर मात्र ती यादी शोकसभेला आल्यासारखी वाचायचे.

शाळेनं त्यांना खेळाच्या जोडीला भूगोलही दिला होता. त्यात भूगोलाचं काय झालं ते भूगोलालाच ठाऊक. मांजरा नदी शिकवायची तर सर आम्हा मुलींना खो-खोच्या मैदानावर नेत, नदी वळते तसं पळायला लावत, आणि जी वळणावर घसरेल तिच्याकडे बोट दाखवून "इथं पूर आला" असं जाहीर करत. परीक्षेत आम्हाला नकाशा कधी जमला नाही, पण मांजरेची वळणं आजही माझ्या घोट्यांना पाठ आहेत.

त्या काळात गावात पहाटेच क्लास भरायला लागले होते. मैदानाची वेळही तीच. त्यामुळे सर अंधारातच घरोघर जाऊन मुलींना उठवायचे आणि पालकांच्या शिव्या आशीर्वादासारख्या घ्यायचे. माझ्या वडिलांनी एकदा दारातच त्यांना अडवलं. "सर, तिची दहावी हाय औंदा."

"असू द्या की. दहावी बसूनच द्यायची असती. बसायच्या आधी जरा पळू द्या."

वडील वकील होते. कोर्टात कुणाला हार जात नसत, पण त्या दिवशी मुकाट्यानं बाजूला झाले.

जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी आमची सगळ्यात चपळ मुलगी, शबाना, गणिताच्या क्लासला अडकली. सर सरळ क्लासात शिरले, मागच्या बाकावर बसले आणि फळ्यावरचं गणित संपेपर्यंत शिस्तीत बसून राहिले. मग हात वर केला. "सर, एक शंका हाय. ही पोरगी मला कधी मिळंल?" क्लासवाले सर हे एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी शबानाला तर सोडलंच, वर स्वतःच्या स्कूटरवर मैदानापर्यंत पोचवलं. सामना आम्ही हरलो, ती गोष्ट वेगळी. सरांनी त्याचं खापर गणितावर फोडलं.

मग ती भूकंपाची पहाट आली. लातूर हादरलं, पण दक्षिणेकडची गावं झोपेतच दगडमातीखाली गेली. सर त्याच सकाळी निघून गेले. ढिगाऱ्यात त्यांनी काय उपसलं ते कधीच सांगितलं नाही. परत आले तेव्हा हातांना पट्ट्या होत्या आणि आवाज बसलेला होता. पुढं पत्र्याच्या शेडची वस्ती उभी राहिली. मदतही पुष्कळ आली. कुणी तरी उंच टाचांच्या चपला पाठवल्या होत्या. दगडधोंड्यांतून चालायला बऱ्या, असं पाठवणाऱ्याला वाटलं असावं. मोठी माणसं येत, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवत आणि फोटो निघाला की हात काढून घेत. आमच्या सरांनी शबानाच्या वडिलांचा टेम्पो घेतला, त्यात आम्हा मुलींना बसवलं आणि मदत म्हणून काय नेलं, तर खो-खोचे दोन खांब.

खांबासाठी खड्डे खणताना एक म्हातारा काठी टेकत आला. "मास्तर, आमच्या घरची माणसं गेली अन् तुम्ही खेळ मांडून राहिलात?"

सरांनी खणणं थांबवलं. ते खाली बघत म्हणाले, "मला दुसरं काही येत न्हाई, आजोबा."

म्हातारा दोन पावलं पुढं आला. मग खांबाला काठीनं ढोसून म्हणाला, "हालतोय. अजून खोल घ्या."

तिथल्या मुली खो-खोच्या पाटीवर ओळीनं बसल्या, पण पळेनात. एक तर दोन्ही हातांनी जमीन धरून बसली होती, ती पुन्हा हलेल म्हणून. आम्ही तिच्याभोवती पळत राहिलो. अचानक, कुणी खो दिलेला नसताना, ती उठली आणि माझ्यामागे धावत सुटली. उलटसुलट दिशांनी, खांबाला न जुमानता. ढळढळीत फाउल! चिमूटभर चुकीसाठी शिट्टी फुंकून कान किटवणारे आमचे सर त्या दिवशी शिट्टी हातात धरून नुसते बघत राहिले. डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

पुढच्या काही वर्षांत लातुरात बाहेरगावच्या पोरांचे लोंढे आले आणि घरोघर खोल्या भाड्यानं लागल्या. आमच्या शाळेचं मैदानही संस्थेनं क्लासच्या इमारतीला दिलं. सर अध्यक्षांकडे गेले. "पोरांच्या भवितव्याचा प्रश्न हाय," अध्यक्ष म्हणाले. "भवितव्याला पाय असतात का न्हाई?" सरांनी विचारलं. भूमिपूजनाच्या दिवशी खणायचं यंत्र आलं, तेव्हा त्याचा धक्का लागू नये म्हणून सरांनी मैदानावरचे खांब आपल्या हातांनी उपटले. आम्ही मदतीला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, हलके हायत." हलके नव्हते.

निवृत्तीनंतर ते नांदेडला मुलाकडे राहायला गेले. मुलाचा धंदा कोणता? फिजिक्सचा क्लास. खाली क्लास, वर सर. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत सर पोरांना गच्चीवर नेऊन पळवायचे. मुलगा वैतागायचा, "बाबा, पालक तक्रार करून राहिलेत." सर म्हणायचे, "अर्धापूरचे केळीचे घड बघितलेस का? तशी माना खाली घालून लोंबून राहिलीत पोरं. जरा सरळ करतो, मग ने."

मीही लग्नानंतर नांदेडकरीण झाले होते. सर वारले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. गुडघे संपले होते, खुर्चीतून उठणं मुश्कील. "पळतीस का अजून?" त्यांनी विचारलं. मी घर, नोकरी, वेळ असं काहीबाही सांगितलं. त्यांनी नुसतं नांदेडी "हाव" म्हटलं आणि सुनेला माझ्यासाठी चहा सांगितला.

खाली उतरले तर माझी शहर बस नाक्यावरून सुटत होती. आता मिळत नाही म्हणून मी थांबले. वरून आवाज आला, "बघून काय राहिलीस? पळ!"

साडी वर खोचली आणि धावले. वाहकानं हात दिला, बस मिळाली. खिडकीतून पाहिलं, तर ज्यांना उठता येत नव्हतं ते सर गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते आणि शेजाऱ्याला हातवारे करून माझ्याकडे दाखवत होते. पळण्यात माझं काय चुकलं तेच सांगत असणार. बस वळली, आणि काय चुकलं ते मला कळायचं राहून गेलं.